साळूबाईचा आंगठा

माजी सासू साळूबाई. तिला मी घातल्या न्हाईत अशा शिव्या शिल्लक न्हाईत. तिच्या दारावरनं जायची पाळी आली तर मी लांबच्या पांदीनं जायची, पर तिचं तोंड बघायची न्हाई. आदीच सांगून टाकते, न्हाईतर तुमी म्हनाल, मनुबाई सासूची लय लाडकी व्हती.

मी आटपाडीकडची. पहिला नवरा लगीन झाल्या झाल्या पटकीनं गेला. मग इकडं कराडच्या बाजूला जोतीरामासंगं माजा पाट लागला. विधवेचं दुसरं लगीन आमच्यात अंधारात लागतं. वाजंत्री न्हाई, अक्षता न्हाईत, आन् सवाशिनीनं तर ते बघायचंच न्हाई. माझ्या पाटाला मानसं तीन: भटजी, गावातला एक म्हातारा आन् साळूबाई. तीबी विधवा, म्हनून तिला चाललं. पुढं भटजी गेला, म्हातारा गेला. बाहत्तरच्या दुष्काळात विहिरीचा गाळ काढताना दरड ढासळली आन् माजा जोतीरामबी गेला. राहिलो मी आन् माजी लेक विजयमाला.

त्याचं दहावं-तेरावं व्हऊन गेल्यावर थोरला दीर नाथाजी म्हनला, ह्या बाईचा आन् आमच्या घराचा काय संबंध? आमाला भाईर काढलं. मी कसली गप बसतीया! कराडच्या कोर्टात वाटनीचा दावा लावला. नाथाजी प्रतिवादी नंबर एक, सासू नंबर दोन. दाव्याला उत्तर म्हनून दोघांची एकच कैफियत आली. त्यात लिवलं व्हतं, आमच्या घरान्यात पाटाची चालच न्हाई, मनुबाई ही जोतीरामानं ठेवलेली बाई. खाली नाथाजीची सही आन् सासूचा आंगठा.

जमीन गेली खड्ड्यात. पर त्या एका वळीनं माझ्या पोरीला बापच उरला न्हाई. दोन ठिकानची मानसं तिला बघून, च्या पिऊन गेली आन् परत फिरकली न्हाईत. ठेवलेलीची लेक कोन करनार?

म्हातारी पयल्यापास्नं ताठ्याची, असं गावातल्या बाया सांगायच्या. नवरा जित्ता व्हता तवाबी कुनाच्या लग्नात नवरीला हळद लावायला ती कवा पुढं झाली न्हाई. समद्या बाया हळदीला जमल्या की ही आत चुलीम्होरं जाऊन बसायची. मला वाटायचं, असल्या बाईच्या काळजात माया असनार कुठली.

माझ्या साक्षीच्या दिवशी नाथाजीच्या वकिलानं ती कैफियत मोठ्यानं वाचली. ‘ठेवलेली’ म्हनताना तर त्याचा आवाज असा चढला, की मी पिंजऱ्यातनंच त्याची आयमाय काढली. जज्जसाहेबांनी मला दम भरला. म्हातारी मागं बाकावर बसून ऐकत व्हती. आंगठा घेताना तिला नुसतं जमिनीचा कागद हाय म्हनून सांगितलं व्हतं. आत काय लिवलंय ते तिनं त्या दिवशी पयल्यांदा ऐकलं, पर हे मला मागनं कळलं.

साक्षी सरल्या. नुसतं वकिलांचं बोलनं राहिलेलं. त्या तारखेला म्हातारी नाथाजीच्या जीपमधनं न्हाई, एकटी एष्टीनं आली. कोर्टाभाईर झाडाखाली टेबल टाकून बसनारा एक वकील तिनं धरला व्हता. त्यानं अर्ज दिला, की प्रतिवादी नंबर दोनला आपली कैफियत दुरुस्त करायची परवानगी मिळावी.

माजे वकील विष्णुपंत ताडकन उठले. एवढ्या उशिरा दुरुस्ती कसली, आमची सक्त हरकत हाय, असं त्यांनी सुरू केलं. निम्मं भाशन झाल्यावर त्यांनी हातातला अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला आन् म्हनाले, हरकत न्हाई. आन् खाली बसले. काय लिवलंय म्हनून मी त्यांचा कोट ओढला, पर त्यांनी माजा हात बाजूला केला.

आता नाथाजीचा वकील खवळला. दोन वर्सं ही बाई गप का, म्हनला. मग साहेबांनी म्हातारीलाच विचारलं, “आजी, एवढा उशीर का केलात?”

म्हातारी उठली. पदर सारखा केला.

“सायेब, उशीर दोन वर्सांचा न्हाई, चाळीस वर्सांचा हाय. आमच्या घरात पाटाची चाल हाय. माजाच पाट लागलाय. माजा पयला नवरा लोनंदचा, तो वारला. मग नाथाच्या बापानं मला अंधारात आनली आन् म्हनला, ह्या गावात कुनाला कळू देऊ नको. मी न्हाई कळू दिलं.”

मग ती नाथाजीकडं वळली.

“मनुबाईचा पाट मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. ती ठेवलेली, तर मग मी कोन? आन् नाथा, तू कुनाचा रं?”

आई गं! वीतभर बाई ती, पर मला तिच्याकडं बघवंना. सोताची चाळीस वर्सांची अब्रू आन् पोटचा ल्योक, दोन्ही एका दमात तिनं कोर्टाच्या टेबलावर ठेवलं, ते बी कुनासाठी, तर जिनं तिला जलमभर शिव्या घातल्या तिच्या पोरीसाठी. विष्णुपंत उभं राहिले व्हते. कशासाठी उठलो ते त्यांचं त्यांनाबी कळलं नसंल. नाथाजी खाली मान घालून भाईर गेला, आन् जीप सुरू झालेली आमाला आत ऐकू आली.

साहेबांनी अर्ज मंजूर केला. तांबड्या शाईनं जुनी वळ खोडून वर नवी लिवली. ती वळ कुठं हाय ते म्हातारीनं बोट ठेवून दावायला लावलं, दोनदा वाचून घेतली, आन् मगच आंगठा उठवला.

भाईर पायरीवर ती एकटीच बसली. आता कुठं जानार व्हती ती? मला पाया पडायचं व्हतं, पर तोंडातनं निघालं, “आत्ती, चला, एष्टी चुकंल.” ती उठली आन् माझ्यासंगं आली.

पुढं तिची साक्ष झाली, निकाल माझ्या बाजूनं लागला. पुढल्या वर्सात विजयमालेचं लगीन ठरलं. हळदीला समद्या बाया जमल्या, आन् म्हातारी आपली चुलीम्होरं. मी तिला दंडाला धरून आनली. बाया एकमेकींकडं बघाय लागल्या. म्हातारी माजा हात सोडवत पुटपुटली, अगं, मी पाटाची, वर विधवा, मला चालत न्हाई.

मी म्हनलं, “ह्या आंगठ्यानं तिला बाप दिलाय, आत्ती. मग हळद कशी चालत न्हाई?”

म्हातारीनं आंगठा हळदीत बुडवला आन् पोरीच्या गालाला लावला.