ऐकणाऱ्याची तिवई

मी एक जुनी, बुटकी तिवई आहे. तीन पाय आणि एक गोल फळी, एवढाच माझा पसारा. ज्या वर्षी सुताराच्या थोरल्या लेकीचे लग्न झाले, त्या वर्षी माझा जन्म झाला. साल मला सांगता येणार नाही. पण त्या लग्नाच्या धांदलीमुळेच मी अशी बुटकी राहिले, हे मात्र पक्के ठाऊक आहे.

त्याचे असे झाले, मित्रांनो. एका मोठ्या धुलाई कारखान्याने आपल्या प्रशिक्षणाच्या खोलीसाठी खुर्च्या सांगितल्या होत्या आणि पाण्याचा जग ठेवायला एक उंच तिवई. सुताराचे हात माझ्यावर होते आणि मन लग्नघरात. एक पाय आखूड कापला गेला. त्याने फळीवर पेन्सिल ठेवली, ती गडगडत खाली पडली. मग त्याने उरलेले पाय कापले. पेन्सिल दुसऱ्या बाजूने पडली. असे करत करत फळी सरळ झाली, तेव्हा मी त्याच्या गुडघ्याच्याही खाली उतरले होते.

त्याची बायको दारातून म्हणाली, "अहो, हे काय केलंत? जावयाला बसायला दिलीत तर म्हणेल, सासऱ्यांनी जमिनीवरच बसवलं."

"तू जा गं आत," सुतार म्हणाला. पण हसू त्यालाही आले. त्याने मला रंध्याने गुळगुळीत केले, पॉलिश लावले आणि खुर्च्यांबरोबर गाडीत चढवताना फळीवर थाप मारली. "जा बाई. कुणाच्या तरी उपयोगी पड."

त्या कारखान्यात दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुतल्या जात. खाली मोठमोठी पिंपे फिरत, वाफ सुटे, आणि तापलेल्या रोलरांमधून ओल्या चादरी जाऊन कोरड्या, सपाट बाहेर येत. आमची खोली त्याच्या बरोबर वर होती. जमीन दिवसभर थरथरायची. माझ्यावर ठेवलेल्या जगातले पाणी कधी स्वस्थ बसले नाही.

महिन्यातून काही दिवस तिथे प्रशिक्षण देणाऱ्या बाई येत. बारीक अंगाच्या, घोगऱ्या आवाजाच्या. मुकादम आणि विभागप्रमुख यांना माणसे कशी सांभाळावी, कामाच्या जागी कसे बोलावे, हे त्या शिकवत. मोठी माणसे शाळेतल्या पोरांसारखी मागच्या खुर्च्या धरून बसत. एकदा त्यांनी बॉयलरवाल्याला हाताखालच्या माणसाचे कौतुक करून दाखवायला सांगितले. तो उभा राहिला आणि गरजला, "तू काम चांगलं करतोस!"

"अहो, हे कौतुक आहे की धमकी?" बाई म्हणाल्या. सगळी खोली हसली. बॉयलरवाला सगळ्यांत जास्त.

मग एके दिवशी बाईंनी माझ्यावरचा जग उचलून खिडकीत ठेवला आणि मला खोलीच्या मध्यभागी ओढले. समोर एक खुर्ची मांडली. "ज्याचा हुद्दा मोठा, तो इथे खाली बसेल," त्या म्हणाल्या. "हाताखालचा माणूस खुर्चीवर. मोठ्याने एकच प्रश्न विचारायचा. मग समोरचा 'झालं' म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि त्यानंतरही आधी काय ऐकलं तेच सांगायचं."

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या बुटकेपणाचा पहिल्यांदा आनंद झाला. उंच तिवईला हे काम जमलेच नसते.

त्या वर्गात इस्त्री विभागाचे मुकादम होते. त्यांना सगळे भोंगा म्हणत. रोलरांच्या आवाजावर ओरडून ओरडून त्यांना हळू बोलणे माहीतच राहिले नव्हते. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्याच विभागात, त्यांच्याच धाकट्या भावाचा हात रोलरमध्ये गेला होता. रोलरपुढे हात अडवायला एक लोखंडी दांडी असते. ती सैल झाली होती. धाकट्याच्या उजव्या हाताची बोटे गेली. तेव्हापासून भोंगा दिसेल त्याला एकच विचारत होते, "दांडी सैल होती, तर मला कोणी सांगितलं का नाही?" कोणी उत्तर देत नव्हते. शेवटी साहेबांनी त्यांना या वर्गाला धाडले होते. इथे काही शिकले नाहीत तर विभाग दुसऱ्याच्या हाती जाणार होता.

प्रत्येकाने आपल्या विभागातले एक माणूस बरोबर आणायचे होते. भोंगांनी घड्या घालणारी मावशी आणली होती, कारण ती कधी बोलत नसे.

ते माझ्यावर बसले. गुडघे हनुवटीला लागले. मागून कोणीतरी खिदळले. भोंगांनी प्रश्न विचारला, तोच.

मावशी आपल्या हातांकडे पाहत राहिली. खाली पिंपे फिरत होती. भोंगा चुळबुळ करू लागले, तशी बाईंनी ओठांवर बोट ठेवले.

"सांगितलं होतं," मावशी म्हणाली.

भोंगांचा जबडा हलला.

"तुमच्या भावानंच सांगितलं होतं. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, मशीन थांबवायला तुला निमित्तच हवं असतं. पुन्हा सांगितलं, तर सगळ्यांसमोर म्हणालात, साहेबांना घाबरत नाही तो दांडीला घाबरतो, याला बांगड्या आणून द्या. सगळे हसले. मीही हसले. मग त्यानं परत काही सांगितलं नाही." तिने पदराने तोंड पुसले. "झालं."

भोंगा अर्धे उठले. त्यांचा भार माझ्यावरून गेला आणि मला वाटले, आता हे दार आपटून जाणार. "मला आठवत नाही," ते म्हणाले.

"आठवतं का, ते कुणी विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "काय ऐकलंत ते सांगा."

ते पुन्हा बसले. आणि त्यांनी सगळे परत सांगितले, शब्दाला शब्द. त्या बांगड्यांपाशी आवाज इतका बारीक झाला की मावशी पुढे वाकून म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही." भोंगांना असे सांगणारे तोवर कोणी भेटले नव्हते. या वेळी कोणी हसले नाही.

त्या दिवसापासून भोंगा मला आठवड्यातून एकदा खाली घेऊन जात. सुरुवातीला माणसे यात काही डाव असेल म्हणून बिचकली. मग कोणी पंख्याचे बोलले, कोणी सुट्टीचे, कोणी म्हणाले, "शिट्टी मारून बोलावता ते बंद करा, आम्ही काय गुरं आहोत?" भोंगा ऐकत, ऐकलेले परत सांगत, आणि मग कामाला लागत. नव्या दांड्या बसल्या. विभाग त्यांच्याकडेच राहिला.

पण मित्रांनो, ज्याचे ऐकायचे होते तो एक माणूस राहिलाच होता. धाकटे भाऊ आता चादरींच्या कोपऱ्यांवर डाव्या हाताने शिक्के मारायचे काम करत. दोघे भाऊ एकाच घरात राहत, एकाच टेबलावर जेवत, आणि मीठ मागण्यापलीकडे बोलत नसत.

एकदा जेवणाच्या सुट्टीत भोंगांनी त्यांना वर बोलावले. स्वतः माझ्यावर बसले, त्यांना खुर्चीवर बसवले. "त्या दिवसाबद्दल तुला काय बोलायचंय? मी तोंड उघडणार नाही."

धाकटे खुर्चीच्या कडेवर बसले. उजवा हात खिशात होता. "त्या दिवशी सकाळी…" त्यांनी सुरुवात केली.

एवढ्यातच भोंगांचा बांध फुटला. "माझं चुकलं रे! माफ कर मला. चादरी संध्याकाळी द्यायच्या होत्या, साहेब डोक्यावर बसले होते, मला काय कल्पना असं होईल! मला झोप लागत नाही रे तेव्हापासून…" ते बोलतच राहिले. रडले. नाक पुसून पुन्हा बोलले. धाकट्यांनी सगळे ऐकून घेतले.

"झालं?" त्यांनी विचारले.

भोंगांनी मान हलवली.

"दादा, तिवईवर तू बसलायस, आणि ऐकतोय मी."

ते उठले आणि दार हळूच लोटून गेले. आपटले असते तर बरे वाटले असते.

त्यानंतर पुष्कळ वर्षे माझी वाहवा झाली. दुसऱ्या कारखान्यांचे मुकादम मला पाहायला येत. बाई भोंगांकडे बोट दाखवून म्हणत, "यांना विचारा." कोणीतरी माझा फोटोसुद्धा काढला. तिवईने माणूस बदलला, असे लोक म्हणत. मला फुशारकी वाटायची आणि लगेच तो हळूच लोटलेला दरवाजा आठवायचा.

पुढे बाईंचा आवाज पार बसला. त्या यायच्या थांबल्या. नवे शिक्षक आले, त्यांच्याबरोबर भिंतीवरचा पडदा आला, चाकांच्या गुबगुबीत खुर्च्या आल्या. माझ्यावर चढून दिवे बदलावेत, तर मी पडले बुटकी. मला कोठीत टाकले. तिथे माझ्यावर रंगाचा डबा ठेवला होता. त्याचे वर्तुळ अजून माझ्या फळीवर आहे. अंधारात, ओल्या फडक्यांच्या वासात मी किती वर्षे काढली, ते मोजले नाही.

भोंगा निवृत्त झाले त्या दिवशी किल्ल्या परत करायला कोठीत आले. मला पाहून थबकले. "ही मला द्या."

"अहो, तुम्हाला वर घड्याळ देतायत," कोठीवाला म्हणाला. "ते सोडून ही मोडकी कशाला?"

"घड्याळ घेतो की. ही पण द्या."

अशी मी त्या घरात आले. भोंगा तोवर एकटे पडले होते. बायको आधीच गेली होती. ते धाकट्यांच्या कुटुंबातच जेवत. धाकट्यांची मुलगी लग्न होऊन गेली, आणि काही महिन्यांनी धाकट्यांनी छातीच्या दुखण्याने अंथरूण धरले. त्यांची खाट बसकी होती. तिच्याशेजारी मी अगदी मापाची झाले.

एके सकाळी धाकट्यांनी मान वळवून मला ओळखले. "तीच ना रे ही?"

"तीच."

"मग बस."

भोंगा बसले. म्हातारे गुडघे पुन्हा हनुवटीला लागले. या वेळी त्यांनी प्रश्नही विचारला नाही.

धाकटे थांबत थांबत बोलत. कधी दोन वाक्ये, कधी थोडे जास्त, मग खोकला. लेकीची वेणी घालता आली नाही कधी, हे त्यांनी सांगितले. नसलेली बोटे थंडीत खाजतात, हे सांगितले. "हात गेला त्याचं एवढं नाही," ते म्हणाले. "लोक हसले, त्याचंही नाही. तू हसलास ना, ते. लहानपणी तळ्यात माझ्या हनुवटीखाली हात धरून पोहायला शिकवलंस, तेव्हा मी किती रडत होतो. तेव्हा नाही हसलास तू." भोंगांच्या ओठांवर कितीदा तरी काही आले. ते मला त्यांच्या मांड्यांच्या ताठरण्यावरून कळे. पण त्यांनी ते गिळले. ऐकलेले परत सांगायचीही वेळ आली नाही, कारण धाकट्यांनी 'झालं' असे एकदाही म्हटले नाही. दमले की डोळे मिटत, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करत.

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझा एक पाय उलला आहे. जमले तर त्याला थोडा सरस लावा, नाही लावलात तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात, तुमच्या कामाच्या जागी कोणी काही सांगायला आले, तर जरा खाली बसा. आणि तुमची माफीसुद्धा त्याचे बोलून होईपर्यंत थांबू द्या.

शेवटच्या दिवशी धाकटे म्हणाले, "आणि दादा, अजून एक…" त्यांनी डोळे मिटले. छाती वर आली, खाली गेली, आणि मग वर आली नाही. त्यांची बायको चहा घेऊन दारात आली. "दादा, चहा घेता का?"

भोंगांनी हात वर केला. "थांब जरा. त्याचं संपलं नाही अजून."

आणि ते तसेच बसून राहिले, तोंड मिटून, चहा गार होईपर्यंत.

धाकटे भाऊ त्या दुपारी गेले. हिवाळ्यातला गुरुवार होता. मुलीच्या लग्नाला अजून वर्षही झाले नव्हते.