बोटाखालचा चौकोन

नौमानने डाव्या हाताची तर्जनी कपाच्या कडेवरून आत वाकवली आणि उजव्या हाताने चहा ओतायला सुरुवात केली. आधी नखाला वाफ लागली, मग पेराला ऊब कळली, तसा त्याने टोप सरळ केला. दुसऱ्या कपालाही तेच. शनिवारची सकाळ होती. त्याला सुट्टी, तबस्सुमला ड्यूटी. आखातातल्या अब्बासिया वस्तीतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटखाली कंपन्यांच्या बसगाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या. आतल्या खोलीत कपाटाची दारे उघडत-मिटत होती.

"चाय थंड होईल," तो म्हणाला.

"आले. स्कार्फची पिन सापडत नाहीये. तुम्ही नाही ना उचलली?"

"मी पिन घेऊन काय करू? फ्रीजवर बघ. काल तिथे काहीतरी टोचलं मला."

पिन फ्रीजवरच होती. तबस्सुम हसली. "या घरात दिसतं फक्त तुम्हाला," असे म्हणत तिने उभ्या उभ्याच कप तोंडाला लावला. "बरं, काल भाईजानचा फोन होता. मतपत्रिका आल्या का, विचारत होता. संध्याकाळी आले की दोघांच्या उरकून टाकू."

"हं," नौमान म्हणाला.

ती क्लिनिकच्या रिसेप्शनवर कामाला निघून गेली. तिची पावले जिन्यावरून खाली उतरेपर्यंत तो कप धरून तसाच बसला.

रत्नागिरीकडच्या त्यांच्या गावात खाडीकाठी एक हायस्कूल होते. ते चालवणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष सभासदांच्या मतांवर निवडला जाई, आणि आखातात पोटापाण्यासाठी आलेल्या सभासदांना ईमेलने आलेली मतपत्रिका छापून टपालाने मत देता येई. तबस्सुमचा थोरला भाऊ सर्फराज गेल्या वेळी निवडून आला होता. यंदाही तो उभा होता, आणि गेल्या वेळेसारखीच त्याच्यासमोर मुनिरा मॅडम. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दहावीनंतर मुलींना तरीच्या होडीतून खाडीपलीकडच्या कॉलेजला पाठवायला घरचे तयार होत नाहीत, म्हणून गावातच अकरावी-बारावी सुरू करा, एवढी एकच गोष्ट बाई वर्षानुवर्षे सांगत आल्या होत्या.

काचबिंदूने नौमानची नजर गेली, त्यानंतरची पहिली निवडणूक म्हणजे ती गेल्या वेळची. तबस्सुमने जेवणाच्या टेबलावर बसून त्याला नावे वाचून दाखवली. भावाच्या नावाशी तिचा आवाज आपसूक मऊ झाला. "सांगा, कुणापुढे खूण करू?" तिने विचारले. तिने भरीस घातले नव्हते. पण मुंबईच्या इस्पितळात आठवडाभर नौमानच्या उशाशी बसून होता तो सर्फराजच. बहिणीच्या हातात पेन देऊन भावाला सोडून दुसरे नाव सांगायचे तरी कसे? नौमानने सर्फराजचे नाव सांगितले. मग तबस्सुमने त्याच पेनाने स्वतःच्या मतपत्रिकेवर खूण केली, "भाईजान" असे पुटपुटत. अकरावीचा वर्ग काही सुरू झाला नाही.

सुलैबियाच्या गोदामात तो फोनवर ऑर्डरी घेण्याचे काम करी. महिन्यापूर्वी तिथेच, जेवणाच्या सुट्टीत, संस्थेचा संदेश त्याने ऐकला होता. ज्यांना दिसत नाही किंवा पेन धरता येत नाही, त्यांच्यासाठी यंदा फोनने वाचून दाखवावी अशी वेगळी मतपत्रिका ईमेलने मिळणार होती. खूण फोनवरच करायची. नंतर मात्र ती छापून, पाकिटात घालून, पाकिटाच्या जोडावर सही करून कुरिअरने पाठवायची. नौमानने कुणालाही न सांगता ती मागवली.

आता त्याने इअरफोन कानात घातला. आवाज सपाट होता. "सर्फराज." थांबा. "मुनिरा." थांबा. तिसरे नाव ओळखीचे नव्हते. तिन्ही नावे एकाच वजनाची. इतक्या निर्विकारपणे ही नावे त्याने कधी ऐकली नव्हती. त्याला गंमत वाटली. त्याने एका नावावर बोट टेकवून पाहिले. "निवडले," आवाज म्हणाला. पुन्हा टेकवले. "निवड रद्द." लहान मुलाने नवे कुलूप उघडून-लावून पाहावे तसे त्याने बराच वेळ केले. शेवटी एका नावावर "निवडले" ऐकून त्याने हात मागे घेतला आणि काठी उचलली.

खालच्या झेरॉक्सच्या दुकानात अकबरने नौमानने व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल छापून कोमट कागद त्याच्या हातात दिला. त्याने त्यावरून बोटे फिरवली. कोरा कागद आणि भरलेला कागद बोटांना सारखाच.

"काय नौमानभाई, काय छापताय?" वरच्या मजल्यावरचा नंदकुमार शेजारीच होता. बँकेत नोकरीला होता तो. "द्या इकडे, वाचून दाखवतो."

"नको."

"अहो, संकोच कसला? मी कुणाला सांगणार आहे?"

नंदकुमारने खरोखरच कुणाला सांगितले नसते. त्याने फक्त आपल्या बायकोला, सुजाताला, सांगितले असते. आणि सुजाता रोज संध्याकाळी तबस्सुमबरोबर फिरायला जात असे. नौमानने कागद छातीशी धरला.

"अकबर, तुझे मराठी पढ़ना आता है?"

"नहीं भाई. मैं सिलेट का. बांग्ला पढ़ता, थोड़ा अरबी. ये देखने में अपना जैसा, पर पढ़ा नहीं जाता."

"आँख तो है ना?"

"आँख है."

"बस, उतनी ही चाहिए." नौमानने कागद काउंटरवर ठेवला आणि आपली तर्जनी पुढे केली. "ऊपर से एक-एक चौकोन पर ले जा. जिधर निशान है उधर दबा. मुँह से कुछ मत बोल."

नंदकुमार हसला, "चालू द्या तुमची खलबतं," म्हणाला आणि आपले कागद घेऊन गेला.

अकबरने बोट धरले. पहिल्या चौकोनावर टेकवले, उचलले. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. कुठेच दाबले नाही.

"अब बोलूँ? सब खाली है, भाई."

एवढे सगळे करून नौमानने कोरा कागद पाकिटात घातला असता. तो प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसला आणि फाइल पुन्हा कानाने चाचपू लागला. अगदी तळाशी, जिथवर तो सकाळी गेलाच नव्हता, तिथे आवाज म्हणाला, "जतन करा."

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. "सर्फराज." त्याला इस्पितळातली ती रुंद, उबदार हाताची पकड आठवली. पट्टी सोडल्यावरही काही दिसेना, तेव्हा सर्फराजने काही न बोलता नुसता हात धरून ठेवला होता. हा हात आपण उद्याही धरू, त्याच्या मनात आले. शाळा ही वेगळी गोष्ट आहे. त्याने बोट सरकवले, टेकवले आणि मग सावकाश तळापर्यंत जाऊन जतन केले.

नवा कागद छापून अकबरने पुन्हा त्याची तर्जनी धरली. पहिल्या चौकोनावरून ती अलगद उचलली गेली. दुसऱ्यावर अकबरने इतक्या जोराने दाबली की नखाखाली कळ आली. तिसऱ्यावर पुन्हा अलगद.

"किसका इलेक्शन है, भाई?"

"स्कूल का."

"अभी स्कूल जाएगा?"

"एडमिशन मिला तो जाऊँगा," नौमान म्हणाला. त्याने घडी घातली, पाकीट चिकटवले आणि अकबरने धरलेल्या पट्टीच्या कडेने जोडावर सही केली.

संध्याकाळी तबस्सुमने पर्स ठेवली आणि टेबलाशी थबकली. पाकीट तिथेच होते.

"झालंसुद्धा?"

"हो."

"एकट्याने?"

"फोन वाचतो. छापायला अकबरकडे गेलो होतो."

"भाईजान विचारेल," ती म्हणाली. "काय सांगू?"

"सांग, त्यांनी मत दिलं. तेवढंच तुला ठाऊक आहे, आणि ते खरंच आहे."

आता ती विचारील, असे त्याला वाटले. तिने विचारले नाही. पर्समधून कागद काढल्याची सळसळ झाली. क्लिनिकमध्ये तिने आपली मतपत्रिका छापून आणली असावी. ती नेहमीच्या खुर्चीत बसेल, म्हणून त्याने तिच्यासाठी पेन पुढे केले. ते तिने घेतले. मग तिची पावले आतल्या खोलीकडे गेली आणि त्या घरात एरवी कधी न लागणारे मधले दार हलकेच लागले.

नौमान कान देऊन ऐकत राहिला. "भाईजान" हा शब्द काही ऐकू आला नाही. एका खुणेला लागतो त्याहून पुष्कळ वेळ गेला.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या पाकिटाला डिंकाचा वास येत होता. "उद्या जाता जाता दोन्ही कुरिअरला टाकते," ती म्हणाली.

त्याच्या ओठांशी प्रश्न आला होता. त्याने दोन्ही पाकिटे चाचपून कडेला कड जुळवली, त्यांवर रबर चढवले आणि तिच्या हातात दिली.