उजवी पाकळी

या व्यवहारात लवू गुरवाला महिना बारा रुपये सुटणार होते. शिवाय एक धोतरजोडी आणि नव्या मठात पूजेचा मान. बदल्यात मठाच्या बाबांनी मागितलं ते अगदी थोडं: देवाने सुभद्रेला होकार द्यावा.

सुभद्रेचा एकुलता मुलगा हरिश्चंद्र खलाशी. त्याचं गलबत मालवणहून सुटलं त्याला दोन पावसाळे झाले, निरोप नाही. बाबांनी सांगितलं होतं, रस्त्याकडची चाळीस माडांची बाग मठाला दे, मुलगा येईल. बाबांना मायेचा तिटकारा. सदा डोळे मिटून बसत. तरी बागेत नारळ पडला की तो कितवा, हे त्यांना बरोबर ठाऊक असे.

“लवूदा, माका बाबांपेक्षा देवाचा ऐकूचा आसा,” सुभद्रा देवळात येऊन म्हणाली. “तू कौल लाव. तीस वर्सां लावतस, तुझ्या हाताक खोट नाय.”

“बाग गेली तर खातलंस काय गो?” लवूने एवढं तरी विचारलं.

“झील इलो तर तो घालीत. नाय इलो तर माका खावन काय करूचा आसा?”

देवाच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कमी भिजलेली आधी सुटते, हे लवूच्या बोटांना पाठ. तीस वर्षं दोन्ही सारख्या भिजवणाऱ्या त्या बोटांनी आज उजवी जेमतेम ओली केली.

“बा देवा म्हाराजा, हिचो झील येवचो आसात तर उजवी दी.”

उजवी पडली. सुभद्रेने उंबऱ्यावर डोकं टेकलं ते बराच वेळ उचललं नाही.

बागेचा कागद झाला. नारळ गाडीने वेंगुर्ल्याला जाऊ लागले. लवूला तीन महिने पगार मिळाला; चौथ्याला पूजेसाठी बाबांचा भाचा आला. लवूने विचारलं तेव्हा बाबांनी डोळे उघडले. “देवाच्या कामाचे पैसे मागतोस?”

चैत्रात सुभद्रा लवूच्या दारात आली. “लवूदा, देव खोटा सांगूचो नाय. माझाच कायतरी चुकला. काय ता इचार.”

“सुभद्रा, ती पाकळी...” लवू बोलू लागला. ती इतक्या आशेने बघत होती की खरं सांगणं म्हणजे तिच्या मुलाला आपल्या हाताने बुडवणं होतं. “...बरी पडली हुती. वाट बघ.”

बाबांना चाळीस माड मिळाले, लवूला छत्तीस रुपये नि धोतरजोडी. सुभद्रेने चुकीची भरपाई म्हणून सोमवार धरला, पुढे गुरुवारही. नाहीतरी त्या दिवशी चूल पेटवण्यासारखं घरात फारसं काही नसेच.