मधलं भोक

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला क्लॅरी पेंगेलीने स्वतःलाच भेट दिली: रायफलीला नवं चेंबर. म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा. ॲडलेडच्या कारागिराकडून त्याने ती इतकी घट्ट कोरून घेतली, की दुकानातलं काडतूस आत जातच नाही. म्हणून क्लॅरी प्रत्येक पुंगळीची मान घरी तासतो, दारूचे शेवटचे दाणे चिमट्याने टाकतो, आणि वजनात केसभर फरक निघाला की ते काडतूस 'नापास' म्हणून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात जातं.

तो डबा त्याची बायको नोला वापरते. तिच्या जुन्या रायफलीत काहीही बसतं.

आमच्या क्लबच्या विजेत्यांच्या फळीवर नोलाचं नाव नऊ वेळा आहे. क्लॅरीचं एकदाही नाही. यंदा फळीवर एकच ओळ उरली होती, आणि नवी फळी लावायला भिंत नाही, असं कमिटीने तीन तास चर्चा करून ठरवलं होतं.

अंतिम फेरी, हजार यार्ड. क्लॅरी सात नंबरच्या लक्ष्यावर, नोला शेजारी आठवर, आणि तिच्या मागे दुर्बीण लावून तिचे गुण लिहीत मी. दोघांचे गुण सारखे, दोघांची एकेक गोळी बाकी.

क्लॅरीने बर्फाच्या पेटीतून काडतूस काढलं. मग रायफल वाळूच्या पिशवीवरून उचलून चेंबरमध्ये थर्मामीटर घातला.

"ताप आहे का रे तिला?" नोलाने विचारलं.

"अर्धा अंश जास्त आहे."

"मग सूप पाज."

त्याने रायफल परत पिशवीवर ठेवली. नळीचं तोंड मात्र किंचित उजवीकडे. हजार यार्डांवर किंचित म्हणजे एक अख्खं लक्ष्य. दोघांच्या गोळ्या जवळपास एकदमच सुटल्या.

लक्ष्यं तपासणीला खाली गेली, भोकांवर खुणा लावून वर आली. सातवर काहीच नाही. आठवर दोन भोकं: एक बरोब्बर मध्यभागी, एक वीतभर बाजूला.

नियम सोपा आहे. दुसऱ्याच्या लक्ष्यावर मारणाऱ्याला शून्य, आणि दोन भोकांतलं चांगलं भोक लक्ष्याच्या मालकाचं. नोला दहाव्यांदा जिंकली.

क्लॅरीने पालथं पडूनच आठ नंबरकडे पाहिलं. मग म्हणाला, "मधलं माझं."

"कशावरून?" मी विचारलं.

"बघ की, किती गोल आहे!"

"दुसरंही गोलच आहे."

"ते नापास गोल आहे."

आता, गोळी जाते तेव्हा हवेत तिची रेघ उमटते आणि दुर्बिणीतून ती दिसते. नोलाची रेघ मी पाहिली होती. ती थेट मध्यभागी गेली होती. मी हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नोलाने त्यात अख्खा लॅमिंग्टन केक कोंबला.

"चाव नीट," ती मला म्हणाली. मग क्लॅरीकडे वळून, "तुझंच रे ते मधलं. त्या डब्यातली गोळी कुठली जायला तिथे?"

फळीच्या शेवटच्या ओळीत आता नोलाचं नाव आहे, आणि समासात बारीक अक्षरांत, कमिटीच्या मंजुरीने: 'मधलं भोक: क्लॅरी'. दर शनिवारी तो फडक्याने तेवढाच समास पुसून चकचकीत करतो.

शिवाय बायकोची गोळी वीतभर चुकली, याचं त्याला फार वाईट वाटलं. नापास काडतुसं त्याने बंद केली. आता तो तिला पहिल्या दर्जाची देतो, स्वतः निवडून.

तेव्हापासून तिचा नेम जरा बिघडलाय.