अक्काताईचा आवाज माझ्यात होता

मी डबा आहे. टीव्हीखाली ठेवतात तो. पोट आठ जीबीचं. नेटवरून येईल ते दाखवायचं आणि ठेवायला देतील ते ठेवायचं, एवढंच माझं काम. येळ्ळूरच्या ज्योतिबाच्या घरी मी आहे. त्या घरात जे झालं ते मी सांगतो, कारण ज्यांनी सांगायला हवं त्यांनी सांगितलं नाही.

मला बेळगावच्या कॅम्पातल्या एका दुकानातून घेतलं. ज्योतिबा, त्याचा मुलगा आदर्श आणि सून माधवी, तिघं आले होते. दुकानदारानं दोन डबे पुढं ठेवले. एक मी, एक बत्तीस जीबीचा.

माधवी म्हणाली, "मामा, बत्तीसचा घ्या. ह्याला जागा पुरायची न्हाय."

ज्योतिबाचा हात तोवर बत्तीसच्या डब्यावरच होता. सून बोलली आणि त्यानं हात काढला.

"टीव्हीत काय गूळ साठवायचाय व्हय? आठ बास." मग दुकानदाराकडं वळून म्हणाला, "आमची सून सदलग्याची. कानडी शाळेत शिकलीया. लई अक्कल हाय तिला."

दुकानदार हसला. आदर्शही हसला. माधवीनं पदर सारखा केला आणि रस्त्याकडं बघत उभी राहिली. असा मी निवडला गेलो. कामाचा म्हणून नाही, सुनेचा शब्द मोडायचा म्हणून.

एक गोष्ट दुकानदारानं सांगितली नाही. बत्तीसच्या डब्यात मराठी होती. माझ्यात जागा कमी, म्हणून कंपनीनं दोनच भाषा कोंबल्या, इंग्रजी आणि कानडी. इंग्रजी माधवीला नीट येईना, आणि मला चालवणार तीच. म्हणून आदर्शनं कानडी लावली. पडद्यावर ती अक्षरं दिसली आणि ज्योतिबा कडाडला.

"माझ्या घरात ही जिलबी? मराठी बोर्डापायी काठ्या खाल्ल्यात आम्ही!"

त्याची बायको अक्काताई आतून ओरडली, "खाल्ल्या न्हवं? मग जिलबीबी खावा आता. गप बसा."

तिच्यापुढं ज्योतिबाचं चालत नसे. तिचा आवाज खणखणीत होता. परड्यातून हाक मारली तर मळ्यातला माणूस वळून बघे.

त्याच आवाजाला रोग लागला. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, घसा कापावा लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही. ज्योतिबानं ऐकलं आणि म्हणाला, "बरं हाय. घर जरा शांत हुईल." थट्टा होती. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माधवीनं चित्र घ्यायला फोन समोर धरला. अक्काताई चटणी कांडत होती.

"आत्या, बोला कायतरी."

"काय बोलू गं? आदर्शाऽऽ, जेवाय ये रं! झालं? आनी सांग तुझ्या सासऱ्याला, जन्मात एकदा माझ्या भाकरीला चांगली म्हणला न्हाईत. आता म्हणा, म्हंजे मी उत्तर देऊ शकंन." आणि ती हसली. कांडायचं सोडून, मुसळाला धरून हसली.

माधवीनं ते माझ्यात घातलं, मोठ्या पडद्यावर दिसावं म्हणून. पुढं आदर्शनं तिचा फोन बदलून आणला. जुन्या फोनातलं सगळं गेलं. तो आवाज जगात एका जागी उरला, माझ्यात.

अक्काताई घरी आली ती मुकी होऊन. रोज दिवेलागणीला ती माझ्यापुढं बसे. माधवी चित्र लावी. पडद्यावरची अक्काताई बोले आणि खालची अक्काताई तिच्याबरोबर ओठ हलवी. शेवटी दोघी हसत. एकीचा आवाज येई, एकीचा येत नसे. ज्योतिबा त्या वेळी उठून बाहेर जाई. भाकरीचं ते बोलणं त्याला झोंबे.

मग कुस्तीचा दिवस आला. लांबच्या मैदानातली मोठी कुस्ती नेटवर दिसणार होती. ज्योतिबानं त्याचा दोस्त भरमूला बोलावलं. अक्काताई भिंतीला टेकून वाती वळत होती. ज्योतिबानं कुस्ती लावली आणि मी अडलो. माझं पोट भरलं होतं. मी पडद्यावर अक्काताईच्या चित्राचं नाव दाखवलं आणि खाली कानडीत दोन शब्द लिहून विचारलं, काय करू?

माधवी चहा घेऊन दारात आली. "मामा, थांबा. त्यात एक अळिसि असंल, एक उळिसि. मी वाचते."

बोलायची कानडी ज्योतिबाला पक्की येत होती. बाजारात जन्म गेलेला. अळिसि म्हणजे पूस, उळिसि म्हणजे राख, हे त्याला सांगायला नको होतं. त्याला फक्त वाचता येत नव्हतं.

"चहा ठेव अन् जा," तो म्हणाला. "बसगाडीचं बोर्ड बघून केस पिकलं माझं. तू शिकवतीस व्हय मला?"

भरमू म्हणाला, "वाचू दे की रं तिला. तिचं काय जातंय?"

"माझं जातंय." ज्योतिबानं बोट रोखलं. "हे बघ, उचगावच्या बशीवर असतंय ते हेच अक्षर. उ. उळिसि. राख."

ते उचगावचं उ नव्हतं. ते अनगोळच्या बसवरचं अ होतं. दोन्ही गोल, पण एक राखतं आणि एक पुसतं.

माधवी एक पाऊल आत आली. ज्योतिबानं नुसतं बघितलं. ती थांबली.

त्यानं बटण दाबलं. मी परत विचारलं, नक्की? त्यानं परत दाबलं. मी पुसलं. कुस्ती सुरू झाली. ती माझ्यात शिरली आणि त्याच रिकाम्या जागेवर मांड ठोकून बसली. भरमूनं मांडीवर थाप मारली.

दिवे लागले. अक्काताई येऊन बसली. माधवीनं शोधलं. परत शोधलं. अक्काताईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं.

आदर्श कामावरून आला. तो चपला काढतोय तोवर ज्योतिबा बोलला.

"तुझ्या बायकोनं आईचा आवाज पुसला."

माधवी म्हणाली, "मामा!"

"काय मामा? कानडी कुणाला वाचाय येतंय ह्या घरात? मला?"

तेव्हा अक्काताई उठली. तिनं रिमोट घेतला. ज्योतिबाचा हात धरला, त्याचा अंगठा ओढला आणि बटणावर टेकवला. आदर्शच्या डोळ्यांदेखत. आणि तो तसाच दाबून धरला.

आदर्श बघत राहिला. त्याला सगळं समजलं. बापाकडं बघायचं त्याला धाडस झालं नाही. तो माधवीकडं वळला.

"तू हुतीस न्हवं तिथं? मग अडवलं का न्हाईस?"

"तेच म्हणतोय मी," ज्योतिबा म्हणाला.

अक्काताईनं त्याचा अंगठा सोडला.

सकाळी माधवीनं पिशवी भरली. सदलग्याला जाणारी गाडी दारात आली. माधवी बसली आणि तिच्या शेजारी अक्काताई चढली. हातात औषधं आणि दोन लुगडी.

ज्योतिबा पायरीवर आला. "तू कुठं निघालीस?"

ऑपरेशनपासून ती हातानं सांगायची. पाणी, भूक, दुखतंय, नको, सगळं हातानं. त्या दिवशी तिनं हात मांडीवरून उचलला नाही.

"अगं, विचारतोय मी!"

गाडी गेली.

आता घरात बाप आणि लेक आहेत. ते एकमेकांशी बोलत नाहीत. ज्योतिबा मला सकाळी लावतो आणि दिवसभर चालू ठेवतो. आवाज मोठा. बघत कुणी नाही. भाकरी खानावळीतून येते. ती तो निमूट खातो.

मला घ्यायला याल तर एवढं ऐका. लहान घ्या, मोठा घ्या, ती तुमची मर्जी. पण एकुलतं एक काही माझ्या भरवशावर ठेवू नका. मी डबा आहे. दाबलं की पुसतो. आणि मी तर परत एकदा विचारलं होतं. त्या घरात माधवीला एकदाही कुणी विचारलं नाही.