ऑरिनचा चेहरा

लेलंड प्रूइट नौदलात जखमींची मलमपट्टी करायचा. व्हिएतनामहून जिवंत परत आला आणि मग त्याला पुरुष आवडतात हे वरिष्ठांना कळलं. त्यांनी त्याला काढून टाकलं. तो कॅन्ससला घरी गेलाच नाही. थेट सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि माझ्या शिवणाच्या दुकानावरच्या खोलीत राहू लागला. दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचा. समलिंगींच्या हक्कांसाठी मोर्चे निघायला लागले तसे मोर्चांचे फलकही तोच करायचा. कापड मी शिवायचे, रंग त्याचे.

मग तो आजार आला, एड्स. आमच्या गल्लीतली तरणीताठी माणसं वाळून जाऊ लागली. वर्तमानपत्रात छापून यायचं, 'अल्पशा आजाराने निधन'. लेलंड भडकायचा. "मेल्यावरही यांना लपवायचं?" तो म्हणाला आणि गेलेल्यांचे चेहरे पुरुषभर उंचीच्या कापडांवर रंगवू लागला, खाली पूर्ण नाव. ते घेऊन महापालिकेवर जायचं ठरलं.

त्यातला एक ऑरिन स्ट्राउड. लेलंडचा जोडीदार. त्याचं चित्र लेलंडने सगळ्यांत शेवटी काढलं.

मोर्चाच्या आदल्या आठवड्यात ऑरिनची आई नेब्रास्काहून बसने आली. आयडाबेल नाव. अंगात चर्चला जायचा कोट. चित्रापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "नाक चुकलंय. लहानपणी घोड्यावरून पडला होता तो. डावीकडे वाकडं होतं."

"मला सरळच दिसायचं," लेलंड म्हणाला.

"तुम्हाला सरळ दिसणारच." मग ती म्हणाली, "हे मोर्चात नेऊ नका."

"बाई, गप्प राहा असं मला नौदलानेही सांगितलं होतं."

"तुम्ही इथे राहता. मला तिथे राहायचंय. त्याच्या बापाने गावात सांगितलंय, मुलगा मोटारीखाली गेला म्हणून. उद्या हे टीव्हीवर दिसलं तर म्हातारा घराबाहेर पडायचा नाही."

"आणि ऑरिन? त्याला काय वाटलं असतं?"

"ते तुम्हाला जास्त माहीत असेल," ती म्हणाली. "मला त्याने काही सांगितलंच नाही. सांगावंसं वाटावं असं मी काही केलंही नाही."

लेलंडने ब्रश घेतला, तिला विचारत विचारत नाक वाकडं केलं. रंग वाळल्यावर कापडाची गुंडाळी करून तिच्या हातात दिली. "घेऊन जा. तुमचाच आहे."

मोर्चातली मंडळी त्याच्यावर तुटून पडली. डेल्बर्ट, आमचा पुढारी, म्हणाला, "स्वतःच्याच माणसाला विकलंस तू."

"आईला दिला," लेलंड म्हणाला. "दुसरा काढणार नाही. विचारू नकोस."

मोर्चा ऑरिनशिवाय निघाला. लेलंड मधोमध चालत होता, रिकाम्या हातांनी. त्यानंतर मात्र तो कुणाचंही चित्र काढण्याआधी घरच्यांना फोन करायचा. कुणी शिव्या द्यायचे, कुणी फोन आपटायचे. क्वचित कुणी रडत म्हणायचं, काढा.

तीन-चार वर्षांनी त्यालाच आजाराने गाठलं. मी आयडाबेलला कळवलं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. ती आली. नवरा तोवर गेला होता. लेलंडच्या खोलीत खाट टाकून राहिली. त्याला सूप भरवायची, घामाने भिजलेली चादर बदलायची, दाढी करायची.

"तुमचा हात जड आहे," तो एकदा म्हणाला.

"मेंढ्या कातरलेला हात आहे. गुमान बस."

तो हसला. आयडाबेलने त्याची हनुवटी पुन्हा धरली.

तो गेल्यावर सैनिकाच्या शवपेटीवर घालतात तो झेंडा मी मागितला. नौदलातून काढलेल्या माणसाला मिळत नाही, असं उत्तर आलं. पेटी साधीच राहिली.

अंत्यविधीला डेल्बर्ट बोलला, आणखी दोघं बोलले. मग आयडाबेल उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"मी ऑरिन स्ट्राउडची आई," ती म्हणाली. "माझा मुलगा मोटारीखाली गेला नाही. तो याच आजाराने गेला. आणि हा लेलंड शेवटपर्यंत त्याच्याजवळ होता. मी नव्हते."

एवढं बोलून ती खाली बसली. डेल्बर्ट आपल्या जागेवरून उठून तिच्या शेजारी जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मी तिला बसवर सोडलं. ते चित्र तिने घरी कुठे ठेवलंय, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.