मधली दोन वर्षं

बायोडाटा बघून माणूस ओळखण्यात आपला हात धरणारं कोणी नाही, असं ताईला मनापासून वाटायचं. कंपनीत नोकरभरतीचं काम. दिवसभर अर्ज चाळायचे आणि निम्म्यांना केराची टोपली दाखवायची. त्यामुळे धाकट्या भावाने लायब्ररीतल्या सहायकाच्या जागेसाठी अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा लिहिणार कोण हा प्रश्नच नव्हता.

"ही मधली दोन वर्षं रिकामी दिसतायत," ती म्हणाली.

"रिकामी कुठे? बाबांजवळ होतो की."

"ते आपल्याला माहीत. वाचणाऱ्याला वाटणार, पोरगा घरी लोळत होता."

बाबा अंथरुणाला खिळले होते ती ही दोन वर्षं. ताई तेव्हा नोकरीपायी दूरच्या शहरात. यायला क्वचितच जमायचं. आता त्या वर्षांच्या जागी तिने चुलतभावाचं स्टेशनरीचं दुकान आणून बसवलं: माल लावणे, नोंदी ठेवणे, गिऱ्हाईक सांभाळणे. भावाने कुरकुर केली, तर "अरे, सगळेच करतात," म्हणून त्याला गप्प केलं. अर्ज असा झकास उतरला की तिने स्वतःच तो पुन्हा एकदा वाचून काढला.

मुलाखतीहून भाऊ आला तो थेट स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. ताई मागोमाग गेली.

"ग्रंथपाल बाईंनी मला ओळखलं," तो म्हणाला.

"मग चांगलंच की."

"बाबांना वाचून दाखवायला पुस्तकं न्यायचो ना, तेव्हापासूनची ओळख. माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायच्या. माझा अर्ज आलेला बघून त्यांना आनंद झाला होता. मग आत दुकान दिसलं. 'यातलं खरं काय?' एवढंच विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"खरं ते. त्या म्हणाल्या, हेच लिहिलं असतंस तर दुसऱ्या कुणाला बोलावलंही नसतं. आता अर्जातच खोटं निघालं, तर नाव पुढे कसं पाठवू?"

"ताईने लिहिलंय, असं सांगायचंस."

"सही माझी होती."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. ताईला स्वतःची भयंकर लाज वाटली. जरा वेळाने ती कॉम्प्युटर उघडून बसली. दुसऱ्या एका लायब्ररीत जागा होती. दुकान पुसून तिने तिथे 'वडिलांची देखभाल' असं लिहिलं आणि पुढे तिला काही सुचेना. त्या दोन वर्षांतलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"बाबांना काय ऐकायला आवडायचं रे?"

"प्रवासवर्णनं. झोपले असतील म्हणून पुस्तक मिटलं, की डोळे न उघडता म्हणायचे, 'हं, पुढे.'"

ताई लिहीत राहिली. मग तिची बोटं थांबली. "माझं नाव काढायचे?"

"रविवारी वाचूच द्यायचे नाहीत," भाऊ म्हणाला. "तुझा फोन येईल म्हणायचे."

"दर रविवारी कुठे करायचे मी?"

"हो ना. मग त्या दिवशी वाचन व्हायचंच नाही."